कर्नेलला सेकंद शिकवताना

माझ्या कर्नेलला, म्हणजे मी स्वतः लिहीत असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, पहिले दोन महिने वेळ नावाची गोष्टच माहीत नव्हती. स्क्रीनवर अक्षरं उमटत होती, मेमरीची पानं वाटून होत होती, पण ‘अर्धा सेकंद थांब’ म्हणायची काही सोय नव्हती. थांबायचं म्हणजे मी एक रिकामं लूप फिरवायचे, एक ते वीस कोटी. लॅपटॉपला चार्जर लावलेला असला की ते साधारण अर्ध्या सेकंदात संपायचं, बॅटरीवर असला की जवळजवळ दुप्पट वेळ घ्यायचं. मग एकदा कंपायलरला (माझ्या कोडचं प्रोसेसरच्या आज्ञांत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामला) ओ-टू हा कोड वेगवान करायचा पर्याय लावला आणि वीस कोटी फेऱ्या डोळ्याचं पातं लवायच्या आत संपल्या. या फेऱ्यांतून काहीच निष्पन्न होत नाही हे कंपायलरने ओळखलं आणि लूपच काढून टाकलं. त्याचं काही चुकलं नव्हतं.

दिवसा मी पुण्यात बँकांच्या व्यवहारांचे रिपोर्ट काढणारा जावा कोड लिहिते. तिथे वेळ हवी असली की एक फंक्शन बोलवायचं, मिलिसेकंद हातात येतात. ते कुठून येतात हा प्रश्न बारा वर्षांत एकदाही पडला नव्हता. कर्नेल हा रात्री साडेनऊनंतरचा, मुलगी झोपल्यावरचा उद्योग. (सैन्यातल्या कर्नलशी गल्लत नको. सासूबाईंची काही दिवस झाली होती.)

आपल्या साध्या पीसीत घड्याळं एक सोडून पाच-सहा असतात. बॅटरीवर चालणारं आरटीसी, एचपीईटी, प्रोसेसरच्या आतला लोकल एपिक टायमर, नुसते ठोके मोजत जाणारा टीएससी, आणि सगळ्यांत म्हातारं पीआयटी. हे पीआयटी म्हणजे १९८१ च्या आयबीएम पीसीत बसवलेली इंटेलची ८२५३ ही चिप. पुढे ८२५४ आली. आता ती वेगळी चिप म्हणून दिसत नाही, चिपसेटच्या पोटात तिची नक्कल असते, पण तिच्याशी बोलायची रीत तीच. मी इथूनच सुरुवात केली, कारण हिचं काम कागदावर मांडता येण्याइतकं सोपं आहे. तिला १६ बिटांचा एक आकडा द्यायचा. दर ठोक्याला ती तो एकने कमी करते, तळाला पोचली की प्रोसेसरला हाक मारते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. तिच्यापाशी असे तीन मोजणारे आहेत. पहिला ही हाक मारायला, दुसरा जुन्या मेमरीला ताजंतवानं ठेवायला होता, तिसरा स्पीकरच्या आवाजासाठी.

ठोके पडतात सेकंदाला ११,९३,१८२. हा आकडा पाहून मी अडखळले. दहा लाख का नाही? वाचल्यावर एवढं कळलं की मूळ क्रिस्टल १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा आहे आणि त्याला बाराने भागलंय. पण मग १४.३१८ तरी कुठून?

याचं उत्तर मला जिन्यात मिळालं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचं पूर्वी टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. भाजीची पिशवी हातात, आणि मी आपलं सहज बोलून गेले.

“१४.३१८? चारने भाग बरं,” ते म्हणाले.

मोबाइलवर भागलं. ३.५७९५.

“तीन अठ्ठावन्न! अगं, हा अमेरिकन टीव्हीचा क्रिस्टल. रंगाचा. आपल्याकडे चार त्रेचाळीसचा लागायचा. लोक तिकडून हौसेने टीव्ही आणायचे आणि माझ्याकडे यायचे, काका चित्र काळंपांढरंच दिसतं म्हणून.”

घरी येऊन ताडून पाहिलं, काका बरोबर होते. अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीत रंगाचा संदेश ३.५७९५४५ मेगाहर्ट्झवर चालायचा. मूळ पीसीत १४.३१८१८ चा एकच क्रिस्टल होता. चारने भागला की टीव्हीचा रंग, तिनाने भागला की प्रोसेसरचे ४.७७ मेगाहर्ट्झ, बाराने भागला की टायमर. एका क्रिस्टलात तीन कामं. दूरदर्शन १९८२ साली रंगीत झालं ते पाल पद्धतीने, म्हणजे हा आकडा आपल्या टीव्हीत कधी नव्हताच. पण माझ्या टेबलावरच्या मशीनमध्ये तो आजही आहे.

आता प्रत्यक्ष काम. इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला बाहेरून मारलेल्या या हाका, चालू करायला प्रोसेसरची एक आज्ञा आहे, एसटीआय. ती मी ‘चालतंय का बघू’ म्हणून घातली आणि लगेच स्क्रीनवर माझाच लाल मजकूर आला: डबल फॉल्ट.

डबल फॉल्ट ही गंभीर गोष्ट. एक चूक निस्तरताना प्रोसेसरला दुसरी चूक लागली असा त्याचा अर्थ. मी स्टॅकवर (प्रोसेसर तात्पुरत्या नोंदी ठेवतो त्या मेमरीवर) संशय घेतला, मग मेमरीचा नकाशा असलेल्या पेज टेबलांवर, मग स्वतःवर. तीन रात्री गेल्या. एसटीआय काढलं की सगळं सुरळीत, घातलं की कोसळलंच. बरं, कोसळायचं तेही लूपमधल्या अगदी निरुपद्रवी आज्ञेवर, जिच्यात चुकण्यासारखं काहीच नाही.

चौथ्या रात्री मी कोड बघायचं सोडून लाल मजकूरच नीट वाचायला घेतला. डबल फॉल्टसोबत प्रोसेसर एक एरर कोड स्टॅकवर ठेवतो आणि तो नेहमी शून्यच असतो, असं इंटेलच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलंय. माझ्याकडे एरर कोडच्या जागी हेक्समधला (सोळाच्या पायावर लिहिलेला) सहा अंकी आकडा होता, १०१ ने सुरू होणारा. आणि ज्या पत्त्यावर चूक झाली तो पत्ता होता ८. आठ! मेमरीतल्या आठव्या बाइटवर माझा कोड कशाला जाईल? पण आठ हा माझ्या कोड सेगमेंटचा, म्हणजे कोड ठेवलेल्या मेमरीच्या भागाचा, क्रमांक होता. आणि माझं कर्नेल मेमरीत हेक्स १००००० पासून बसतं, म्हणजे १०१ ने सुरू होणारा तो आकडा कर्नेलच्याच कोडमधला एक पत्ता होता.

मग उलगडलं. सगळ्या किमती एकेक घर सरकल्या होत्या. पत्ता एरर कोडच्या रकान्यात, सेगमेंट पत्त्याच्या रकान्यात. म्हणजे प्रोसेसरने एरर कोड ठेवलाच नव्हता. म्हणजे हा डबल फॉल्ट नव्हताच. प्रोसेसरच्या प्रत्येक चुकीला आणि प्रत्येक इंटरप्टला क्रमांकाचं एक दार असतं, डबल फॉल्टचं आठवं. आठ क्रमांकाचं दार वाजलं होतं, पण वाजवणारा टायमर होता.

यामागे जुनी भानगड आहे. पहिले ३२ क्रमांक प्रोसेसरच्या स्वतःच्या तक्रारींसाठी राखीव आहेत असं इंटेलने सांगून ठेवलं होतं. आयबीएमने पीसी बनवताना बाहेरच्या उपकरणांचे इंटरप्ट ८ ते १५ वर बसवले. ८०८६ ला त्या क्रमांकांची गरज नव्हती, त्यामुळे तेव्हा खपून गेलं. पुढच्या प्रोसेसरांनी ते क्रमांक वापरायला घेतले आणि आठवर डबल फॉल्ट येऊन बसला. तेव्हापासून कर्नेल लिहिणाऱ्या प्रत्येकाला आधी ही दारं बदलून घ्यावी लागतात. ८२५९ नावाच्या इंटरप्ट कंट्रोलरला चार बाइट पाठवायचे, त्याच्या जोडीदाराला चार, आणि सांगायचं की तुमचे इंटरप्ट ३२ पासून पुढे. दहा ओळींचा कोड. मी तो धडा ‘नंतर बघू’ म्हणून ओलांडला होता.

दारं बदलली. टायमरच्या हाकेला एक ठिपका छापायचा असं ठरवलं. एक ठिपका आला. एकच. इंटरप्ट हाताळून झाल्यावर कंट्रोलरला ‘झालं’ असं कळवावं लागतं, नाहीतर तो पुढचा पाठवत नाही. हे मात्र ऐकून माहीत होतं, पाच मिनिटांत सुटलं. मग ठिपक्यांची रांग लागली, सेकंदाला अठराच्या आसपास. बायोसने (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डवरच्याच प्रोग्रामने) टायमरला सगळ्यांत मोठा, ६५,५३६ हा आकडा देऊन ठेवलेला असतो, त्याने भागलं की १८.२ येतात.

मला सेकंदाला १०० हवे होते. ११,९३,१८२ भागिले १०० म्हणजे ११,९३२, थोडं इकडेतिकडे. हा आकडा एका वेळी जात नाही, कारण चिपशी बोलायचा पोर्ट आठ बिटांचा आहे. दोन तुकडे करायचे: आधी लहान बाइट १५६, मग मोठा बाइट ४६. मी उलटे पाठवले. टायमरला ते ३९,९८२ असं वाटलं आणि सेकंदाला जेमतेम तीस टिक, म्हणजे टायमरच्या हाका, पडू लागले. गंमत अशी की हे दिसलंच नाही. स्क्रीनवर सेकंद पुढे सरकत होते, छान वाटत होतं. मी मोबाइलचं स्टॉपवॉच शेजारी ठेवलं ते निव्वळ कौतुकाने. कर्नेलचा एक मिनिट भरला तेव्हा मोबाइलवर तीन मिनिटं एकवीस सेकंद झाले होते.

त्या रात्रीपासून मी मोबाइल कायम शेजारी ठेवू लागले. आपल्याच घड्याळाकडे बघून ते बरोबर आहे की नाही हे कधीच कळत नाही.

आता खरं ‘थांब’ लिहिता येणार होतं. टिक मोजणारी एक किंमत, ती ठरावीक आकड्यापर्यंत पोचेपर्यंत लूप. साध्या बिल्डमध्ये चाललं. ओ-टू लावलं की मशीन कायमचं थांबलं. कंपायलरने काय केलंय ते उघडून पाहिलं, तर एक आज्ञा स्वतःवरच उडी मारत बसलेली. कंपायलरच्या दृष्टीने लूपच्या आत टिकची किंमत कुणी बदलतच नाही, मग पुन्हापुन्हा मेमरीतून कशाला वाचायची? एकदा वाचली, कमी आहे, फिरत राहा. मधूनच इंटरप्ट येऊन ती वाढवून जातो हे त्याला कोण सांगणार? ‘व्होलाटाइल’ हा शब्द तेवढ्यासाठी आहे. कॉलेजमध्ये परीक्षेला दोन गुणांसाठी पाठ केलेला, खऱ्या गरजेपोटी पहिल्यांदा टाइप केला. लूपच्या आत एचएलटी घातलं, म्हणजे पुढच्या टिकपर्यंत प्रोसेसरने झोपावं, आणि लॅपटॉपचा पंखा घरघरायचा थांबला. दोन महिने तो आवाज मी गृहीतच धरला होता.

सेकंदाला टिक किती असावेत यावर लिनक्सनेही घोळ घातलेला आहे, हे वाचून बरं वाटलं. पीसीवर आधी १०० होते, २.६ ही आवृत्ती आली तेव्हा १००० केले, पुढे २.६.१३ मध्ये २५० वर आणले. जास्त टिक म्हणजे वेळेवर पकड चांगली, पण प्रत्येक टिकला हातातलं काम सोडून उठावं लागतं. मी १००० घेतले. मिलिसेकंदाला एक टिक, हिशेब सोपा.

हिशेब सोपा नव्हता. हजाराने भागलं की ११९३.१८२ येतात, आणि चिपला अपूर्णांक चालत नाही. ११९३ दिले की टिक सेकंदाला १०००.१५ पडतात. एवढ्याशा पंधरा शतांशाने काय होतंय म्हणून मी रात्री दहाला मशीन चालू ठेवून झोपले. सकाळी दहाला कर्नेल मोबाइलच्या सात सेकंद पुढे होतं. दिवसाला तेरा-चौदा सेकंद. आजोबांचं चावीचं घड्याळ याहून बरं चालत असेल. उपाय साधा निघाला: एक टिक म्हणजे एक मिलिसेकंद असं मानायचंच नाही. प्रत्येक टिकला ९,९९,८४७ नॅनोसेकंद मिळवायचे. तेवढाच त्याचा खरा काळ.

इथपर्यंत सगळं क्यूएमूच्या आभासी मशीनमध्ये आणि कधीमधी लॅपटॉपवर चाललं होतं. मग जुन्या बाजारातून कोअर टू ड्युओचा एक डेस्कटॉप आणला. रविवारी सकाळी मंगळवार पेठेत घासाघीस करून. विकणाऱ्याला सिरियल पोर्ट आहे का म्हणून विचारलं तर तो म्हणाला, “ताई, तो काय करायचाय आता?” मला तोच हवा होता, कर्नेलची कुरकुर दुसऱ्या मशीनवर वाचायला.

या मशीनला दोन कोअर, आणि प्रत्येक कोअरला आपापला लोकल एपिक टायमर. पीआयटीशी बोलायचं तर दर वेळी प्रोसेसरबाहेर, हळू पोर्टांवर जावं लागतं. हा आतल्या आत, नुसत्या मेमरीच्या पत्त्यावर. फक्त एक अडचण. तो किती वेगाने चालतो हे तो सांगत नाही. माझ्या मशीनवर तो बसच्या (प्रोसेसरला बाकी मशीनशी जोडणाऱ्या वाहिनीच्या) वेगाने चालतो, क्यूएमूमध्ये वेगळ्याच, तुमच्याकडे आणखी तिसऱ्याच. म्हणजे नवं, चपळ घड्याळ हातात आहे, पण त्याच्या तबकडीवर आकडेच नाहीत. ते लिहायला पुन्हा म्हाताऱ्या पीआयटीकडे जायचं.

रीत अशी. पीआयटीच्या तिसऱ्या, स्पीकरवाल्या मोजणाऱ्याला ११,९३२ द्यायचे, म्हणजे दहा मिलिसेकंद. स्पीकरचा आवाज बंद ठेवायचा, नाहीतर टक् असा आवाज येतो (मुलगी जागी झाली होती). तो संपला की हेक्स ६१ या पोर्टवरचा एक बिट वर येतो. त्या बिटाकडे टक लावून बसायचं, आणि तेवढ्यात लोकल एपिक किती घरं उतरला ते पाहायचं. लोकल एपिकचे ठोके मी सोळाने भागून मोजत होते. क्यूएमूमध्ये सव्वासहा लाखांच्या आसपास यायचे. डेस्कटॉपवर १,६६,६७० च्या अलीकडेपलीकडे, म्हणजे बस २६६ मेगाहर्ट्झची, कागदावर असते तेवढीच. मन भरून आलं.

पण दर वीस-पंचवीस वेळांत एकदा १,७१,००० यायचे. एकदम चार हजार जास्त. बसल्या बसल्या अडीचशे मायक्रोसेकंद कुठे जातात? इंटरप्ट बंद होते. दुसरा कोअर निजलेला होता. माझ्या कोडमध्ये चोर सापडेना, कारण तो माझ्या कोडमध्ये नव्हताच. बायोस अधूनमधून सगळ्या मशीनचा ताबा स्वतःकडे घेतो, कर्नेलला न विचारता, आणि काम उरकून परत देतो. कर्नेलला ते रोखताही येत नाही आणि समजतही नाही. माझ्या बाबतीत तो यूएसबी कीबोर्डला जुन्या पद्धतीचा कीबोर्ड असल्याचं भासवत होता. कीबोर्ड काढला, दोनशे वेळा मोजलं, एकदाही उडी नाही.

कीबोर्ड कायमचा काढून ठेवता येत नाही. मग क्रम नीट लावला. आधी लोकल एपिक सुरू करायचा, त्यानंतर पीआयटी. असं केलं की मध्ये कुणीही वेळ खाल्ला तरी मोजलेला आकडा वाढतोच, कमी कधीच होत नाही. मग दहा वेळा मोजायचं आणि सगळ्यांत लहान आकडा खरा मानायचा. उलट क्रमाने सुरू केलं असतं तर चूक दोन्हीकडे झाली असती आणि काही ठरवताच आलं नसतं. दोन ओळींची अदलाबदल, आणि तिच्यावर मी पूर्ण शनिवार घालवला.

यानंतरचा भाग मात्र भराभर झाला. दर टिकला कर्नेलने चालू काम बाजूला ठेवायचं आणि दुसरं उचलायचं. दोन कामं लिहिली, एक नुसते ‘ए’ छापत बसणारं, दुसरं ‘बी’. दोघंही कधीच आपणहून थांबत नाहीत. स्क्रीनवर ‘ए’ची एक ओळ, मग ‘बी’ची, मग पुन्हा ‘ए’ची. मी नवऱ्याला उठवून दाखवलं. तो म्हणाला, “छान आहे,” आणि झोपला.

राहिला होता एक जुना हट्ट. टिक मोजणारी किंमत मी ३२ बिटांची ठेवली आहे. हजार टिकांच्या हिशेबाने ती ४९.७ दिवसांनी भरते आणि शून्यावर येते. विंडोज ९५ आणि ९८ नेमक्या इतक्याच दिवसांनी गोठायच्या. ६४ बिट घेतले की प्रश्न मिटतो, मला माहीत आहे. पण लिनक्सची एक युक्ती करून बघायची होती: तिथे मोजणी शून्यापासून सुरू होतच नाही, भरायला पाच मिनिटं उरलेली असतात अशा आकड्यापासून होते. म्हणजे जे काही फुटायचं ते पन्नासाव्या दिवशी नाही, पाचव्या मिनिटाला, आपल्या डोळ्यांदेखत फुटतं. मी दोन वेळांची थेट तुलना करायची सोडून सगळीकडे वजाबाकी करून चिन्ह बघायला लागले होते, तसं केलं की आकडा उलटला तरी हिशेब चुकत नाही. सगळीकडे केलंय अशी खात्री होती.

डेस्कटॉप चालू केला, चहा घेऊन बसले. चार मिनिटं पन्नास. ‘ए’ आणि ‘बी’ शिस्तीत चाललेले, वरच्या कोपऱ्यात दर अर्ध्या सेकंदाला उघडझाप करणारा माझा ठिपका. पाच मिनिटं. काम सुरूच, ‘थांब’ही बरोबर. फक्त तो ठिपका अर्ध्या सेकंदाच्या आत पिसाटासारखा फडफडला आणि परत शहाण्यासारखा उघडझाप करू लागला. दुसरीकडे बघत असते तर दिसलाही नसता. ठिपक्याचा कोड मी पहिल्या आठवड्यात लिहिला होता, तिथे अजून ‘पेक्षा मोठा’चंच चिन्ह होतं. ती ओळ बदलली, मशीन परत चालू केलं आणि पाच मिनिटं त्या ठिपक्याकडे बघत बसले.